मोरस

मॉरिशसमध्ये, उसाच्या दोन मळ्यांमधल्या अरुंद रस्त्यावर टॅक्सी ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला. मला वाटलं, रस्ता चुकलाय. पण फोनवर नकाशा नव्हता. त्याच्या कुणा पूर्वजाच्या जुन्या नोंदीचा फोटो होता. तपकिरी पडलेला कागद, त्यावर तिरक्या, लफ्फेदार इंग्रजीत भरलेले रकाने. नाव, बापाचं नाव, वय बावीस, उंची, जहाज मुंबईचं. शेवटच्या रकान्यावर दोन बोटं फिरवून त्यानं तो मोठा केला आणि धडा वाचणाऱ्या शाळकरी पोरासारखा एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "मॅडम, हे गाव आपल्या महाराष्ट्रात कोठे आहे?"

कारकुनानं लिहिलं होतं, 'वारगौम'.

निदान मला तरी तसं दिसलं. मधलं अक्षर आर असेल, एन असेल, नाहीतर शाई फुटलेला डीसुद्धा असेल. म्हणजे वारगाव, वाणगाव किंवा वडगाव. कणकवलीकडे एक वारगाव आहे एवढं ऐकून होते. वडगावं तर आपल्याकडे पैशाला पासरी. बुद्रुक आणि खुर्द धरायला लागलो तर मोजदादच नको. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या कारकुनानं, समोरच्या घाबरलेल्या पोराच्या तोंडून जे ऐकू आलं ते उतरवलं. पोरानं कदाचित गाव सांगितलंच नसेल, वाडी सांगितली असेल. हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, आणि तरी मी तोंडानं म्हणाले, "बघते. परत गेले की नक्की सांगते." हे 'नक्की' मी फार सहज वापरते. लग्नात भेटलेल्या दूरच्या नातेवाइकांना, जुन्या शेजाऱ्यांना, भाजीवालीलासुद्धा. त्यानं मात्र ते जसंच्या तसं घेतलं. फोन खिशात ठेवला, माझा नंबर लिहून घेतला आणि गाडी सुरू केली. मागच्या सीटवर नवरा घोरत होता.

मॉरिशसला आम्ही काही मुळं शोधायला गेलो नव्हतो. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीनं आग्रहानं पाठवलं होतं. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचं विमान, आठ दिवसांची टूर, रोज रात्री पोळी-भाजी मिळण्याची हमी. टूरमधली निम्मी जोडपी नवी होती, मेंदी न उतरलेली. उरलेली आमच्यासारखी, गुडघ्याला पट्टा बांधलेली. सहाव्या दिवशी सगळे पॅराशूटला लटकून समुद्रावर फिरायला गेले, तेव्हा माझ्या गुडघ्याच्या कृपेनं आम्ही दोघांनी टॅक्सी केली. पाण्याची बाटली कुणी विसरली यावरून मागे बसून आमचं रीतसर मराठी भांडण चाललं होतं. आरशातून बघत ड्रायव्हर म्हणाला, "आपण मराठी बोलता." त्यात आश्चर्य नव्हतं, प्रश्नही नव्हता. परीक्षेत ओळखीचा उतारा आल्यावर पोर सुटकेचा श्वास सोडतं, तसं काहीतरी होतं.

त्याची मराठी शाळेत शिकलेली. तिथल्या शाळांत मराठी हा विषय घेता येतो, हे मी तोवर कुठंतरी वाचलं होतं आणि कौतुकानं विसरले होते. तो लिहू शकत होता, वाचू शकत होता, 'ळ' माझ्या भाच्यापेक्षा चांगला म्हणत होता. पण बोलायला त्याला माणूस नव्हतं. घरात क्रिओल ही तिथली बोली, बायकोच्या माहेरी भोजपुरी, कामावर इंग्रजी आणि फ्रेंच. त्यामुळे त्याच्या तोंडची मराठी इस्त्री करून कपाटात ठेवलेल्या कपड्यासारखी होती. 'कोठे', 'तेथे', 'आपण', 'कृपया'. माझ्या 'हो ना', 'बघ की', 'जाऊ दे'पुढे तो अडखळायचा. आडनाव विचारलं, तर त्यानं जे सांगितलं ते आमच्याकडे पाळण्यात ठेवायचं नाव. तिथं असंच झालंय म्हणे. बोटीवरून उतरलेल्या माणसानं आपलं नाव सांगितलं, कारकुनानं ते लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. एखाद्या धोंडूला किंवा गोविंदाला काय कल्पना, की आपण पाच-सहा पिढ्यांच्या दारावरची पाटी होणार आहोत.

'आपल्या महाराष्ट्रात' असं तो म्हणाला होता. तो कधी इकडे आला नव्हता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. नोव्हेंबरचा शेवट, म्हणजे तिथला तोडणीचा हंगाम सरत आलेला. काही रानं मोकळी झालेली, काहींत अजून पुरुषभर ऊस उभा, आणि हवेत तो काकवी करपल्यासारखा वास, कोल्हापूरकडच्या माणसाला डोळे मिटून ओळखू यावा असा. मधूनच गुलमोहर पेटलेला. ऐन नोव्हेंबरात गुलमोहर बघून माझं कॅलेंडरच बिघडलं. त्या गोलार्धात तो नाताळाच्या सुमाराला फुलतो. मूळचा मादागास्करचा, म्हणजे तिथल्या शेजारघरचा. आपण उगाच त्याला वैशाखाचा समजतो. किनाऱ्यावर जावं तर सुरूची बनं, वाऱ्यात तोच सूं-सूं आवाज, पायाखाली त्याच टोचणाऱ्या फळांचा सडा. क्षणभर दापोलीला आल्यासारखं वाटावं, आणि मग समोर समुद्र दिसावा. तो मात्र दापोलीचा नाही. किनाऱ्याजवळ काचेसारखा, पुढे हिरवा, त्यापुढे मोरपिशी, आणि दूर जिथं प्रवाळाची भिंत आहे तिथं पांढरी फेसाची ओळ. लाटा तिथंच फुटतात, आवाज तेवढा इकडे येतो. बेटाला जवळजवळ सगळीकडून ही भिंत आहे. तिच्या आतल्या उथळ, निवांत पाण्यावरच तिथला सगळा पर्यटनाचा संसार चालतो.

मळ्यांत ठिकठिकाणी काळ्या दगडांचे ढीग दिसत होते. साधे ढीग नव्हेत; उतरत्या पायऱ्यांचे, नीट रचलेले, दुमजली घराएवढे उंच. मला आधी ती देवळांची जोती वाटली. ड्रायव्हर म्हणाला, हे शेतातले दगड. बेट ज्वालामुखीचं, जमिनीत जिकडंतिकडं बेसॉल्ट. ऊस लावायचा तर आधी ते काढायला हवेत. ते हातांनी वेचले, डोक्यावरून वाहिले, रचले. आणि मग त्यानं ती गोष्ट सांगितली, जी तिथं लहान पोरालाही ठाऊक असते. दलालांनी इकडे सांगितलं होतं म्हणे, की मिरीच देशात, म्हणजे मॉरिशसला, दगड उलटला की खाली सोनं सापडतं. गोष्ट सांगून तो हसला. मीही हसले. मग त्या ढिगांकडे पाहिलं आणि हसू राहिलं नाही. एवढे दगड उलटले होते.

दुपारी पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गेलो, बोटीतून आणलेले मजूर जिथं उतरवायचे त्या जुन्या धक्क्यावर. जागा इतकी छोटी, की टूरच्या बसनं तिच्यासाठी थांबू नये यात नवल नाही. शेजारून मोठा रस्ता वाहतो, पलीकडे बसस्थानक, थोडं पुढे झगमगीत दुकानांचा धक्का. जुन्या आवाराचा बराचसा भाग अशा बांधकामांत गेला. उरल्या त्या काही भिंती, दवाखान्याची खोली, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांहून जास्त माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली. बहुतेक कलकत्त्याहून, बरीचशी मद्रासहून, आणि त्या मानानं थोडी मुंबईहून. ती थोडी म्हणजे रत्नागिरीकडची, साताऱ्याकडची. १८३५ साली बेटावरची गुलामी कायद्यानं संपली आणि मळेवाल्यांना दुसरे हात हवे होते. ते हे. पाच वर्षांचा करार, म्हणजे आपल्या लोकांच्या जिभेवरचं 'गिरमिट'. महिना पाच रुपये. एक दिवस कामाला गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. घाटावर एक-दोन दिवस ठेवायचं, नंबर द्यायचा आणि मळ्यावर पाठवायचं. पूर्वी या जागेला कुली घाट म्हणत. १९८७ साली नाव बदललं, २००६ साली युनेस्कोच्या यादीत आलं.

मी त्या पायऱ्यांवर बसले नाही. बसायला मनाई होती की मलाच बसवलं नाही, आता आठवत नाही. नवऱ्यानं फोटो काढू का विचारलं, त्याला नको म्हटलं. आठ दिवसांत फोटोला मी नको म्हटलेली ती एकमेव जागा. पण यात माझा मोठेपणा काही नाही. संध्याकाळी त्याच शहरात चिनी दुकानातून मुलीसाठी डोडोची किल्लीसाखळी घेताना मी खुशाल पोज दिली होती.

डोडो तिथं सगळीकडे आहे. राजमुद्रेवर, बनियनवर, फ्रिजला चिकटवायच्या चुंबकावर, बिस्किटाच्या पुड्यावर. डच लोक १५९८ साली उतरले तेव्हा तो जंगलात सुखानं दुडदुडत होता. उडायची गरज नव्हती, कारण पळावं असं कुणी नव्हतंच. माणसांबरोबर उंदीर, डुकरं, माकडं आली, जमिनीवरची अंडी संपली. त्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ची. म्हणजे ओळख होऊन पुरती पासष्ट वर्षंही झाली नाहीत. मग बराच काळ कित्येक लोक म्हणत होते, असा पक्षी नव्हताच, खलाशांच्या थापा. १८६५ साली माहेबुर्गच्या जॉर्ज क्लार्क नावाच्या शाळामास्तरांना त्याची हाडं सापडली. तीसेक वर्षं ते त्यांच्या मागावर होते. जागेचं नाव मार ओ साँज. माझ्या हातातल्या माहितीपत्रकात याचं काव्यमय भाषांतर होतं, 'स्वप्नांचं तळं'. फ्रेंचमध्ये साँज म्हणजे स्वप्न, हे खरंच. पण आमचा ड्रायव्हर ठसक्यात म्हणाला, "नाही मॅडम. साँज म्हणजे स्वप्न नाही. साँज म्हणजे ते मोठे पान. आई त्याची भाजी करते. पाऊस पडला की पान भिजत नाही."

अळू! डोडोची हाडं अळवाच्या तळ्यात सापडली होती.

ती कशी सापडली, हे मात्र परत आल्यावर कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तळ्याच्या कडेला हाडं मिळेनात, तेव्हा मास्तरांनी काही मजुरांना मध्यभागी उतरवलं. तिथं तीनेक फूट पाणी. खाली चिखल. त्या माणसांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपला आणि पायाला लागलेली हाडं वर काढली. ती लंडनला रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञांकडे गेली, त्यांनी सांगाडा मांडला, शास्त्राला डोडो मिळाला. मजुरांची नावं कुठं सापडली नाहीत. त्या काळात तिथला ऊसमळ्याचा मजूर म्हणजे बहुतेक हिंदुस्थानातून आलेला. भोजपुरी बोलणारा असेल, तमिळ असेल, क्वचित आपल्याकडचाही असेल. मी उगाच त्यातल्या एकाला आपल्याकडचा करून टाकते. भाताच्या खाचरात वाढलेला, गुडघाभर चिखलात पायाच्या बोटांना खेकडा कुठला आणि दगड कुठला हे कळणारा, अळवाची पानं बाजूला सारून पाण्यात उतरणारा. त्याला काय वाटलं असेल? बहुधा काही नाही. सायबाला हाडं हवीत, द्या. सोनं नाही तर नाही, हाडं.

ते तळं आत्ताच्या विमानतळापासून जवळ आहे. मलेरियाच्या भीतीनं नंतर ते भर घालून बुजवलं. आम्ही उतरताना खिडकीतून पाहत होतो त्या उसातच कुठंतरी असणार. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

माहेबुर्गच्या समोर इल ओ झेग्रेत नावाचं चिमुकलं बेट आहे, सव्वीस हेक्टरांचं. होडीनं दहा मिनिटं. मूळचं जंगल कसं होतं ते तिथं पुन्हा उभं करायचा खटाटोप चाललाय. मुख्य बेटावर मूळच्या चांगल्या जंगलाचा जेमतेम दोन टक्के हिस्सा उरलाय, बाकी ऊस आणि बाहेरून आलेली झाडं. ऊसही बाहेरचाच. तो आणि हरणं, दोन्ही डचांनी १६३९ साली जावाहून आणली. इल ओ झेग्रेतवरच्या एबनीच्या बुटक्या सावलीत एक गुलाबी कबूतर बसलं होतं, अगदी आमच्या गॅलरीत घाण करणाऱ्या कबुतराच्या तोऱ्यात. १९९०च्या सुमारास ही जात जंगलात दहा पक्ष्यांपर्यंत आली होती. मॉरिशसचा ससाणा १९७४ साली फक्त चार. ते वाढवले, माणसांनी अंडी उचलून, उबवून, पिलांना भरवून. गाइड पोरगी हे सांगत होती आणि मागे एक अजस्र कासव तिच्या बुटाची लेस खायला बघत होतं. तेही परकं. इथलं मूळचं कासव संपलं म्हणून आल्डाब्रा बेटावरून त्याचा भाऊबंद आणला, झाडांच्या बिया खाऊन पसरवायच्या कामावर. त्याच्याकडे बघताना मला वाटलं, या बेटावर कामाला आणलेल्यांची यादी फार लांब आहे.

परतीच्या होडीत ड्रायव्हरनं समुद्राकडे हात केला. २०२०च्या जुलैमध्ये वाकाशिओ नावाचं जहाज तिथं प्रवाळावर चढलं. बारा दिवसांनी तेल गळायला लागलं, एक हजार टनांच्या आसपास. काळा लोंढा खारफुटीपर्यंत आला. सरकारी मदतीची वाट न बघता माणसं किनाऱ्यावर जमली आणि तेल अडवायला लांबच लांब पिशव्या शिवू लागली. आत भरायला काय? "उसाची वाळलेली पाने," तो म्हणाला. न्हाव्यांच्या दुकानांतून केसही गोळा झाले होते, केसाला तेल चिकटतं म्हणून. त्याच्या बायकोनं वेणी कापून दिली होती. "वाळलेली पाने नाही," मी म्हणाले, "पाचट." त्याला हा शब्द पुस्तकात भेटला नव्हता. "पाचट," तो म्हणाला. "पाचट, पाचट." तीन दिवस तेल उपसताना, सहा पिढ्या ज्यातून वाट काढत होत्या ती वस्तू त्याच्या हातात होती, फक्त तिचं नाव मध्येच कुठंतरी गळून गेलं होतं. आणि माझ्याकडे नाव होतं. ऊस मी रसवंतीच्या पलीकडे कधी हाताळलेला नाही.

खादाडीबद्दल लिहिलं नाही तर माझ्या बहिणी हा लेख वाचणार नाहीत. रस्त्याकडेच्या काचेच्या पेटीत डोलपुरी मिळते. पिवळ्या डाळीचं पुरण भरलेली मऊ, रुमालासारखी पातळ पोळी. दोन एकावर एक, त्यांवर घेवड्याच्या दाण्यांचा रस्सा, टोमॅटोची रुगाय, हिरवी चटणी, आणि कागदात गुंडाळून हातात. मी पहिला घास घेतला आणि जीभ गोंधळली. हाताला पुरणपोळी, डोळ्याला पुरणपोळी, आणि गोडाचा पत्ता नाही. उसाच्या एवढ्या मोठ्या कुरणात उभी राहून मी बिनगुळाची पुरणपोळी खात होते! मूळची बिहारी, असं तो म्हणाला. असेल. दुसरी घेतली.

बाकी पाहायचं ते सगळं पाहिलं. शामारेलची सात रंगांची माती पाहिली. फोटोत ती जास्त सात रंगांची होती. गंगा तलावावर ढग उतरले होते, एकशे आठ फुटी शंकर कमरेपर्यंतच दिसला. महाशिवरात्रीला लोक घरापासून इथवर चालत येतात, आपल्या वारीसारखे. ल मोर्नच्या त्या सरळसोट कड्याखाली मात्र जरा थांबलो. तिथं पळून आलेले गुलाम लपायचे. १८३५ साली सुटकेची बातमी घेऊन शिपाई वर येताना दिसले, ते धरायलाच येताहेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा आहे. खरी-खोटी कुणी ठरवावी. त्याच कड्याच्या पायथ्याशी आता जगातली जोडपी लग्नाचे फोटो काढतात. मागे कडा फार छान येतो. आमच्या टूरमधल्या नव्या नवरीनं पांढरा झगा भाड्यानं आणला होता, वाऱ्यानं तो तिच्या डोक्यावर गेला आणि सगळे खो-खो हसलो. ती गोड मुलगी आहे. तिला कुणी ही कथा सांगितली नाही, मीही नाही.

रविवारी सार्वजनिक किनाऱ्यावर गेलो तेव्हा कुठं बेटावरची माणसं दिसली. हॉटेलांनी किनाऱ्यापर्यंत हिरवळी नेल्या आहेत, पण भरतीच्या रेषेखालची वाळू कायद्यानं सगळ्यांची. सुरूखाली पातेली, चटया, म्हाताऱ्या, पत्ते. एका घोळक्यानं काटक्या पेटवल्या आणि त्या जाळावर एक मोठी, डफासारखी रावान धरली, कातडं ताणून घ्यायला. मग सेगा सुरू झाला, गुलामांपासून चालत आलेला तिथला नाच. पाय वाळूतून न उचलता, सरपटत नाचायचं. म्हणतात, साखळदंडांत तेवढंच नाचता यायचं. ड्रायव्हर आमच्याबरोबर आला होता, सुट्टीचा, टॅक्सी नसताना. "आमचेही नृत्य आहे," तो म्हणाला. "गणेश चतुर्थीला. झाकरी." तिथं गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. झाकरी म्हणजे काय हे मला लगेच कळेना. त्यानं दोन पावलं करून दाखवली, एक पाय पुढे, ठेका, गिरकी, आणि माझ्या अंगावर काटा आला. जाखडी! रत्नागिरीकडे माझ्या मामाच्या अंगणात, मधे ढोलकीवाले बसवून, भोवती फेर धरून नाचायचे ती. मामाच्या गावात आता गणपतीला डीजे असतो.

शेवटच्या दिवशी साखरेचं संग्रहालय होतं. १९९९ साली बंद पडलेला जुना कारखाना, त्याच्या पोलादी पोटात जिने फिरवून मांडलेला इतिहास. मी तोवर इतिहासाला कंटाळले होते. शेवटी चवीच्या खोलीत दहा-बारा तऱ्हांच्या साखरा चमच्या-चमच्यानं देतात, फिक्या सोनेरीपासून जवळजवळ काळीपर्यंत. काळी तोंडात घातली. ओलसर, किंचित कडू, काकवीच. मग पांढरी, खडीदार, काही विशेष नसलेली. आणि अगदी कारण नसताना आजीचा आवाज आला. "पावण्यांच्या चायत मोरस घाल गो. आपणांक गूळ आसा."

मोरस. आजी साखरेला साखर कधी म्हणायचीच नाही. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर पितळी डबा असायचा, तो मोरसचा डबा. आमच्या हाताला लागू नये म्हणून वरच्या फळीवर. आमच्या लेखी मोरस हा आजीच्या खास शब्दांपैकी एक होता, जसा गंजिफ्रॉक, जसा टपाल. समुद्रकाठी उगवणाऱ्या खारट मोरस भाजीशी त्याचा काहीतरी संबंध असेल असं मी कितीतरी वर्षं समजत होते. त्या खोलीत, जिभेवर साखर विरघळत असताना कळलं. ते बेटाचंच नाव होतं. मॉरिशसची साखर बोटीनं मुंबईत यायची, गोण्या बंदराबंदरांतून कोकणात जायच्या. गुजराती शेजारणी तर अजून सर्रास मोरस म्हणतात. आजीच्या वडिलांनी स्वदेशीच्या काळात विलायती साखर सोडली होती. हाडांच्या कोळशानं साफ करतात, ती कशी खायची? घरात ती गोष्ट अभिमानानं सांगत. मोरस सोडली म्हणजे नेमकं काय सोडलं, हे त्यांना माहीत होतं का? त्याच गावातून, कदाचित त्याच वाडीतून कोणी तिकडे ऊस लावायला गेलेलं, हे? बेटाचं नाव घरात दिवसातून चार वेळा घेतलं जायचं. गेलेल्याचं एकदाही कानावर आलं नाही.

हे मला ड्रायव्हरला तिथंच सांगायचं होतं. पण विमानाची घाई, सामान, टूर मॅनेजरच्या शिट्ट्या. विमानतळावर त्यानं नवऱ्याशी हात मिळवला आणि मला वाकून नमस्कार केला. भाड्यावर वर दिलेले त्यांच्या रुपयांतले सुटे पैसे घेतले नाहीत. "गाव," एवढंच म्हणाला.

परत येऊन आता दहा महिने झाले. पहिल्या आठवड्यात मी उत्साहानं दोन-तीन फोन केले. कणकवलीकडच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, इथून माणसं मुंबईला गेली ती ठाऊक, त्याच्या पुढची कोण सांगणार. ज्यांना विचारावं अशी म्हातारी माणसं उरली नाहीत, आणि विचारावं तरी काय? तुमच्याकडून एक बावीस वर्षांचा पोरगा नाहीसा झाला होता का? मग पावसाळा आला, मुलीचं बाळंतपण आलं. फोनच्या गॅलरीत तो तपकिरी कागद नातीच्या फोटोंच्या खाली खाली जात राहिला.

या गणेश चतुर्थीला सकाळीच त्याचा व्हिडिओ आला. पत्र्याच्या मांडवाखाली झाकरी. पांढरे सदरे, डोक्याला फेटे, मधे ढोलकी, गाण्याचे शब्द अर्धे कळतात, अर्धे नाहीत. बघताना कॅमेरा सारखा खाली जात होता, नाचणाऱ्यांच्या अनवाणी पायांवर. खाली देवनागरीत लिहिलं होतं, 'शुभेच्छा. गाव सापडले का?'

मी ओशाळले. नैवेद्याचं ताट वाढायचं होतं, तरी तशीच खुर्चीत बसले आणि एवढ्या दिवसांचं देणं एकदाचं फेडावं तसं लांबलचक लिहिलं. आजीचा पितळी डबा, मोरस, बोटी, गोण्या. कसं आमच्या घरात त्याच्या बेटाचं नाव शंभर वर्षं रोज होतं, पण आम्हालाच कळलं नाही. वाचून पाहिलं. छान जमलं होतं. डोळ्यांत थोडं पाणीही आलं, ते स्वतःच्या लिहिण्यानं आलं असणार. पाठवून दिलं.

निळ्या खुणा लगेच झाल्या. बराच वेळ तो काहीतरी लिहीत होता, खोडत होता.

मग आलं, 'साखर नको मॅडम. गाव सांगा.'

मी तो कागद पुन्हा उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि चष्मा पुसून त्या मधल्या अक्षराकडे बघत बसले. आतून नवऱ्यानं दोनदा हाक मारली, मोदक गार होताहेत म्हणून.